वाडगाभर आंबील आणि रक्तातली साखर

चांगली आंबील आधी नाकाला कळते. गंजावरचं झाकण उचललं की पहिल्यांदा ताकाचा आंबूस वास येतो, त्याच्या मागून शिजलेल्या ज्वारीचा, आणि सगळ्यात शेवटी लसूण-जिऱ्याचा. हा क्रम उलटला, फोडणीच पुढे धावली, तर आंबवण कमी पडलं असं खुशाल समजावं. जिभेवरही हाच क्रम हवा. पहिला भुरका आंबट लागावा, मग कण्यांचा खरबरीतपणा जाणवावा, आणि गोडवा अगदी शेवटी, घास गिळून झाल्यावर यावा. तो गोडवा ज्वारीचा स्वतःचा, वरून घातलेला नव्हे.

सातपुड्याच्या पायथ्याला, वान नदीच्या आसपास पसरलेल्या संग्रामपूर तालुक्यात आंबील दोन ठिकाणी भेटते. एक भाद्रपदात, महालक्ष्मीच्या नैवेद्याच्या ताटात, पुरणपोळी आणि सोळा भाज्यांच्या शेजारी. दुसरी उन्हाळ्यात, साध्या घरात, दुपारच्या जेवणाला भाकरीच्या जोडीला किंवा भाकरीच्या जागी. सणाची आंबील जाड, खोबरं घातलेली, कधी गूळ-दुधाबरोबर खायची. रोजची आंबील पातळ, ताकाची, मिठाची. या लेखात मी दोन्हींची चव बघणार आहे, पण माझं खरं लक्ष त्या वाडग्याच्या पुढच्या प्रवासाकडे आहे: आंबील पोटात गेल्यावर दोन तासांत रक्तातल्या साखरेचं काय होतं?

हा प्रश्न हौसेचा राहिलेला नाही. 'मले शुगर हाय. भात सोडला. आंबील चालते ना?' असं इकडे डॉक्टरांइतकंच शेजारणीलाही विचारलं जातं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे आहे. अशा वेळी 'जुनं ते सगळं चांगलं' असं सांगणारेही खूप भेटतात आणि 'धान्य म्हणजे साखरच' असं घाबरवणारेही. मला दोघांचंही पटत नाही. आंबील पिऊन आणि तिच्याबद्दल वाचून माझं मत असं झालं आहे की चवीच्या जाणकाराला तिच्यात जे गुण हवे असतात, जवळजवळ तेच गुण साखरेच्या रुग्णाला तारतात. ते कसं, हे दाखवण्यासाठी तिची कृती पायरीपायरीने वाचावी लागेल. पण त्याआधी तिचं माहेर.

ज्वारी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती आफ्रिकेची आहे हे लक्षातच येत नाही. पूर्व सुदानमध्ये, कसाला शहराच्या परिसरात, जुन्या मातीच्या भांड्यांच्या खापरांत ज्वारीच्या दाण्यांचे आणि टरफलांचे ठसे सापडले. इसवी सनपूर्व ३५०० ते ३००० या काळातले. रानटी ज्वारी माणसाच्या हाताखाली येत चालल्याची ती आजवरची सर्वांत जुनी खूण मानली जाते. हा शोध २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिथून हे धान्य सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भारतात पोचलं, आणि दख्खनच्या काळ्या मातीत असं रुजलं की इथल्या माणसाचं पोट त्यावरच वाढलं. बाजरीही तशीच, पश्चिम आफ्रिकेतून आलेली. त्यामुळे आफ्रिकेतली पारंपरिक पेयं साखरेवर काय परिणाम करतात हा प्रश्न संग्रामपूरच्या चुलीपासून फार लांबचा नाही. धान्य एकच आहे, पाणी आणि जिवाणूही सारखेच वागतात. फरक फक्त हाताचा.

त्या खंडात ज्वारी-बाजरी-मक्याची पेयं गावागणिक बदलतात. लेसोथोमध्ये मोतोहो आहे: ज्वारीचं पीठ आंबवून केलेली पातळ पेज, चवीला आंबट. बोत्स्वानात टिंग, तीही आंबवलेल्या ज्वारीचीच. आपल्या आंबिलीच्या या सख्ख्या बहिणी म्हणाव्यात. दक्षिण आफ्रिका आणि झिम्बाब्वेत मक्याचा महेवू. टांझानियात तोग्वा, उत्तर नायजेरियात आलं-लवंग-मिरीचा झणका असलेला कुनू, आणि सुदानमध्ये रमजानच्या दिवसांत प्यायचा हुलूमूर.

या यादीत साखरेच्या दृष्टीने एक मोठी रेघ आहे आणि ती चाखल्याबरोबर कळते. मोतोहो, टिंग आणि आपली आंबील ही आंबटाची बाजू. तोग्वा आणि हुलूमूर ही मोडाची बाजू. धान्याला मोड आणले की त्यात पिष्ट फोडणारी विकरं तयार होतात. असं मोडाचं पीठ शिजलेल्या घट्ट पेजेत घातलं की बघता बघता पेज पातळ होते आणि गोड लागते, कारण पिष्टाच्या लांब साखळ्या तुटून त्यांची माल्ट साखर झालेली असते. कुनूतही पुष्कळ ठिकाणी हेच काम मोडाच्या धान्याकडून किंवा कच्च्या रताळ्याकडून करून घेतात. लहान मुलाला, आजारातून उठलेल्याला हे पेय उत्तम, कारण थोड्या घोटांत जास्त अन्न जातं. मधुमेह्यासाठी मात्र तेच उलटं पडतं. साखरेचा एक दाणा वरून न घालताही ते पेय गोड असतं आणि रक्तात वेगाने उतरतं. आपल्याकडचं नाचणीचं किंवा ज्वारीचं मोडाचं सत्त्व याच घरातलं आहे. 'बिनसाखरेचं सत्त्व आहे, शुगरला चालतं' असं म्हणून आजीला सकाळी पेलाभर देणाऱ्या सुनेची माया खरी असते, पण पेल्यातली साखरही तितकीच खरी असते.

आता आंबील.

जुन्या पद्धतीत ज्वारीला पाण्याचा हात लावून ती थोडी मुरू द्यायची, उखळात कांडायची, सुटलेला कोंडा पाखडून टाकायचा आणि मग जात्यावर भरड काढायची. पीठ नव्हे, भरड. रव्याहून जाड कण्या. कोंडा काढल्याने आंबील पांढरीशुभ्र आणि तोंडाला मऊ होते, सणाला म्हणूनच तशी करतात. इथे चव आणि साखर यांची वाट थोडी वेगळी होते, हे मान्य करायला हवं. कोंड्याबरोबर तंतू जातात, आणि ज्वारीचा मोठेपणा पुष्कळसा त्या तंतूंतच आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम अख्ख्या ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू, तितकीच प्रथिनं आणि ६८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आहेत. रोजच्या आंबिलीत कोंडा राहू द्यावा. रंग मळकट येईल, चव जास्त दाट येईल.

कण्यांचं जाडपण मात्र दोन्ही बाजूंनी मोलाचं. जाड कण्यात पेशींच्या भिंती शाबूत असतात, आतल्या पिष्टापर्यंत पोटातल्या विकरांना पोचायला वेळ लागतो. चक्कीतून भुरभुरीत दळून आणलेल्या पिठाची आंबील सरसरीत, लवकर पचणारी आणि म्हणूनच साखर लवकर चढवणारी होते. ज्वारीजवळ आणखी एक राखण आहे. तिच्यातलं काफिरिन नावाचं प्रथिन पाण्यात शिजताना आपसात घट्ट जखडतं आणि पिष्टाच्या कणांभोवती आवळून बसतं. आहारतज्ज्ञ एरवी ज्वारीची प्रथिनं पचायला जड म्हणून तक्रार करतात, साखरेच्या बाबतीत हाच जडपणा थोडा कामाला येतो. ताक-कण्या हे गरिबाचं अन्न म्हणून आपल्याकडे कायम खालच्या आवाजात सांगितलं गेलं. मला ते पुरणपोळीच्या बरोबरीने ताठ मानेने वाढावंसं वाटतं.

भरड झाली की ती रात्री ताकात भिजवायची. मातीचं गाडगं उत्तम, नाहीतर स्टीलचा गंज. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट कधीही ठेवू नये. रात्रभरात ताकातले जिवाणू कामाला लागतात आणि दुग्धाम्ल वाढवतात. वैशाखात सहा-आठ तासांत आंबट होतं, पौषात दिवसभरही पुरत नाही. वास घेऊन ठरवायचं: आंबूस, स्वच्छ, थोडा फळासारखा वास आला की थांबावं, उग्र झाला की ते पोटात जाऊ नये. आंबवण्यात खनिजं अडवून धरणारं फायटेट कमी होतं, त्यामुळे ज्वारीतलं लोह आणि जस्त अंगी लागायला मदत होते. साखरेच्या दृष्टीने इथे एक गैरसमज सारखा ऐकू येतो, की आंबवलं म्हणजे जिवाणूंनी साखर खाऊन टाकली. तसं होत नाही. जिवाणू मोकळी साखर थोडी संपवतात, पिष्ट बहुतांश तसंच राहतं. फायदा होतो तो तयार झालेल्या आम्लामुळे.

आणि ते आम्ल कधी घातलं, याला फार महत्त्व आहे. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ पासून आंबट पावावर प्रयोग केले. निरोगी माणसांना दुग्धाम्लाचा पाव दिला तर जेवणानंतरची साखर साध्या पावापेक्षा कमी चढली. २००२ मध्ये त्याच गटाने दाखवलं की पिष्ट शिजत असताना आम्ल हजर असेल तर हा परिणाम मिळतो. शिजण्याच्या उष्णतेत पिष्ट आणि प्रथिनं यांची अशी बांधणी होते की पुढे विकरांना ती सोडवायला वेळ लागतो. ते प्रयोग पावावरचे होते, ताकातल्या कण्यांवरचे नव्हते, म्हणून मी त्यांचा आकडा आंबिलीला चिकटवणार नाही. पण आमच्याकडे आंबील दोन तऱ्हांनी होते. एकीत कण्या ताकात आंबवून त्याच ताकासकट शिजवतात. दुसरीत साध्या पाण्यात पीठ उकळून, गार झाल्यावर वरून ताक ओततात. दुसरी सोपी आहे, शहरात तीच चालते. पहिलीची चव एकजीव असते, आंबटपणा कण्याच्या गाभ्यापर्यंत गेलेला असतो, तर दुसरीत ताक वेगळं आणि पेज वेगळी लागते. या फरकासाठी मी कायम पहिलीच्या बाजूने भांडत आलो आहे. आम्लाची हजेरी शिजताना लागते हे वाचल्यावर त्या भांडणाला आणखी एक आधार मिळाला.

शिजवताना एकसारखं ढवळावं लागतं, नाहीतर गुठळ्या. मंद आच, भरपूर पाणी, कण्या फुलून मऊ होतील पण विरघळणार नाहीत इतपतच. पार गिळगिळीत शिजवलेली आंबील ही तान्ह्या मुलाची. मोठ्यांच्या आंबिलीत कण्या दाताला जाणवल्याच पाहिजेत.

त्यानंतर ती निवू द्यायची. ही पायरी घाईत सुटते. शिजलेलं पिष्ट थंड होताना त्याचा काही भाग पुन्हा घट्ट रचला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही, तंतूसारखा पुढे मोठ्या आतड्यात जातो. हे प्रमाण फार नसतं, पण असतं. सकाळी शिजवून दुपारी खाल्लेली गार आंबील उन्हात गोड का लागते याचं कारण वेगळं, तरी साखरेच्या रुग्णालाही गारच आंबील बरी.

वरून फोडणी: तेल, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता. सणाच्या आंबिलीत सुक्या खोबऱ्याचे काप, काही घरी खसखस. रोजच्या आंबिलीवर मला भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरडसर कूट आवडतो. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं जठर रिकामं व्हायला वेळ लावतात, तेव्हा इथेही आवड आणि हित एका बाजूला आहेत.

उरला प्रश्न ती कशी घ्यायची. १९७७ साली ब्रिटनमध्ये दहा निरोगी माणसांवर एक साधा प्रयोग झाला होता. तेवढंच सफरचंद एकदा अख्खं, एकदा गर करून आणि एकदा रस काढून दिलं. रस प्यायला सर्वांत कमी वेळ लागला, पोट सर्वांत कमी भरल्यासारखं वाटलं, आणि रसानंतर इन्सुलिन जास्त वर जाऊन मग साखर जास्त खाली घसरली. जे अन्न पिता येतं ते माणूस वेगाने पितो, हा त्यातला साधा धडा. म्हणून पातळ करून पेल्याने घटाघट प्यायलेली आंबील आणि वाडग्यातून भुरके मारत, मधून कांदा चावत खाल्लेली आंबील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भांडं एकाच चुलीवरचं असलं तरी.

आता हिशेब. एका वाडग्यात साधारण ३० ग्रॅम ज्वारी असते, म्हणजे २० ग्रॅम कर्बोदकं. एका बेताच्या भाकरीला ५०-६० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे ३५ ते ४० ग्रॅम. उसाच्या रसाच्या पाव लिटरच्या पेल्यात ३० ग्रॅमच्या वर साखर, आणि ती सगळी तयार साखर, फोडायचं काही काम शिल्लक नसलेली. दोन चमचे साखरेच्या चहात आठ-दहा ग्रॅम. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ मध्ये अन्न रक्तातली साखर किती चढवतं हे मोजणारा ग्लायसेमिक निर्देशांक मांडला तेव्हापासून प्रत्येक पदार्थाला एक आकडा लावायची सवय लागली आहे. ५५ च्या आत कमी, ७० आणि वर जास्त. ज्वारीच्या बाबतीत वाण, दळण, शिजवणं यांप्रमाणे तो आकडा इतका हलतो की पाकिटावर एकच आकडा छापलेला दिसला तर मी त्यावर विसंबत नाही. निर्देशांकाइतकंच प्रमाण महत्त्वाचं. आंबिलीचं मोठं बळ तिच्यातलं पाणी आणि ताक हेच आहे: वाडगा भरतो, पोट भरतं, धान्य मात्र कमी जातं. तीन वाडगे घेतले तर हे बळ संपलं.

गुळाच्या आंबिलीबद्दल माझं मत कडक आहे. चव म्हणूनही मला ती दुय्यम वाटते, कारण गूळ आंबटाला झाकतो आणि ज्वारीचा शेवटचा हलका गोडवा पार मारून टाकतो. साखरेच्या बाजूने तर तिचा बचावच करता येत नाही. गुळात लोह असेल, खनिजं असतील, पण त्यात बहुतेक भाग उसाची साखरच आहे आणि रक्त गूळ-साखर असा भेद करत नाही. आफ्रिकेतही हीच वाट लागली. घरचा महेवू आंबट असतो, दुकानातल्या डब्यातला साखर आणि स्वाद घालून गोड केलेला. कुनूतही आता साखर सढळ पडते. पारंपरिक पेय म्हणून नाव तेच राहिलं आणि आतला माल बदलला, असं दोन्हीकडे झालं आहे.

याच नात्यातली दुसरी वस्तू अंबाडी. वऱ्हाडात अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या ही जोडी आहेच. शेगावच्या गजानन महाराजांच्या प्रसादात पिठलं-भाकरीबरोबर अंबाडीची भाजी असते हे इकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. लाल अंबाडीच्या फुलाखालची मांसल निदलं उकळून जे गर्द लाल पाणी निघतं ते सेनेगलमध्ये बिसाप, नायजेरियात झोबो आणि सुदान-इजिप्तमध्ये करकदे म्हणून प्यायलं जातं. आपल्याकडेही त्याचं सरबत आता होऊ लागलं आहे. या पाण्याने रक्तदाब थोडा उतरतो असं माणसांवरच्या चाचण्यांत दिसलं आहे. साखरेबद्दल तितका भक्कम पुरावा नाही. प्रयोगशाळेतल्या नळीत ते पिष्ट फोडणाऱ्या विकरांना अडवतं, दक्षिण आफ्रिकेच्या रूइबॉस चहाबद्दलही असे निष्कर्ष आहेत. पण नळीत विकर अडवणं आणि जेवलेल्या माणसाच्या रक्तात साखर कमी राहणं यात फार अंतर आहे. आणि अंबाडीचं पाणी इतकं आंबट असतं की लोक त्यात मूठभर साखर घालतात. तेव्हा औषध कोण आणि दुखणं कोण, हे त्या पेल्यालाच विचारायला हवं. चिमूटभर मीठ, आल्याचा रस आणि भरपूर पाणी घालून बिनसाखरेचं घेतलं तर मात्र ते सुरेख लागतं. थोडं तुरट, थोडं कोकमासारखं.

कैरीचं पन्हं, शिंदीची निरा, उसाचा रस यांच्यावर फार शब्द खर्च करण्यासारखं नाही. पन्हं गुळावर उभं असतं. ताज्या निरेत शेकडा दहाच्या आसपास साखर असते, आणि 'निरा शुगरला चालते' हे विक्रेत्याचं म्हणणं त्या साखरेला लपवू शकत नाही. साधं ताक, जिरेपूड घालून, या सगळ्यांच्या पुढे आहे.

मोहाबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. तालुक्याच्या उत्तरेला अंबाबरवा अभयारण्य आहे, सोनाळा-टुनकीच्या वरच्या अंगाला सातपुड्यात कोरकू आणि इतर आदिवासी वस्त्या आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त वजन साखरेचंच, म्हणून त्यांची भाकर किंवा लाडू साखर चढवणार हे उघड आहे. गाळलेल्या दारूत ती साखर राहत नाही, आणि नेमका तिथेच धोका आहे. आपण उपाशी असताना यकृत स्वतः साखर बनवून रक्तात सोडत असतं. दारू ते काम थांबवते. इन्सुलिन घेणाऱ्याने किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारखी गोळी घेणाऱ्याने रिकाम्या पोटी दारू घेतली तर काही तासांनी, कधी झोपेत, साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. घाम येतो, जीभ जड होते, तोल जातो, माणूस बरळतो. घरचे समजतात चढली आहे, झोपू द्या. ती झोप जीव घेऊ शकते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच साखरेचं पाणी द्यावं, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. आफ्रिकेतली ज्वारीची बिअर, दक्षिणेतली उमकोंबोथी किंवा बुर्किना फासोची डोलो, तिथेही हा इशारा तितकाच लागू आहे. तिथे पिष्टाने साखर आधी चढते आणि दारूने नंतर उतरते, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट फक्त इथलीच. तालुक्याचा दक्षिण भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. इथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारट, आणि संग्रामपूर-जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण वर्षानुवर्षं मोठ्या संख्येने आढळत आले आहेत. वान धरणाचं गोडं पाणी जिथे पोचलं तिथे घरच्या आंबिलीची चवसुद्धा बदलली असेल, कारण खाऱ्या पाण्यात शिजवलेल्या आंबिलीत आंबट आणि खारट एकमेकांवर चढतात आणि ज्वारी मुकी होते. मधुमेह हा स्वतःच मूत्रपिंडाचा शत्रू. ज्याला साखर आणि मूत्रपिंड दोन्हींचा त्रास आहे त्याने आंबिलीत मीठ किती, दिवसभरात ताक किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. इतरांनीही आंबील गोड्या पाण्यात शिजवावी आणि मीठ हात राखून घालावं. आंबट चांगलं उतरलं असेल तर मीठ कमी लागतं, हे करून बघितल्यावर पटेल.

एवढं सगळं वाचून झाल्यावर निर्णय द्यायचा तर तो असा. जाड कण्यांची, कोंड्यासकट, ताकात रात्रभर आंबवून त्याच ताकात शिजवलेली, निवलेली, लसणाच्या फोडणीची आंबील चवीला मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो, आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या ताटातही भात आणि गोड चहापेक्षा तिला नक्कीच वरची जागा देतो. पण भाकरीच्या जोडीला नव्हे, भाकरीच्या जागी. ती औषध नाही, तिने गोळी सुटत नाही. पिठाची, गुळाची, पेल्याने प्यायची आंबील या निर्णयात बसत नाही.

ज्याच्या घरी साखर मोजायचं यंत्र आहे त्याने एकदा करून पाहावं. जेवणाआधी एक थेंब, वाडगाभर आंबील खाल्ल्यानंतर दोन तासांनी एक थेंब. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी नेहमीच्या जेवणाने तेच. आकडे वहीत लिहून पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवावेत. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, विशेषतः उखळावर ज्वारी कांडलेल्या आजीला, कण्या किती जाड हव्यात आणि आंबवण कधी थांबवायचं हे विचारून घ्यावं. आज या तालुक्यातल्या शिवारात कापूस आणि सोयाबीन जास्त दिसतात, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, आणि ज्वारी विकत आणून आंबील करणारी घरं कमी होत चालली आहेत. तुमच्या घरी अजून होत असेल तर ती थांबू देऊ नका.